आईचं नाव काय लिहू?

दिवाळीत फराळाला बसलं की भांडण होणं ही आमच्या आजोळची जुनी परंपरा आहे. विषय दरवर्षी बदलतो. एकदा जमिनीची वाटणी, एकदा निवडणूक, एकदा तर चकल्या मऊ का पडल्या यावरून दोन मावश्या आठवडाभर बोलत नव्हत्या. यंदाचा विषय होता पोलंड. हसू नका, खरंच पोलंड.

तर झालं असं. माझी धाकटी मामी पोलिश आहे. धाकटा मामा ऐंशीच्या दशकात शिष्यवृत्तीवर तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि येताना पदवी आणि मामी अशा दोन गोष्टी घेऊन आला. (पैकी पदवीचा पुढे फारसा उपयोग झाला नाही, असं मामीचं मत.) मामी आता चौसष्ट वर्षांची आहे. पुरणपोळी आमच्या आईपेक्षा चांगली करते, हे आईसुद्धा मान्य करते. चिडली की मात्र पोलिशमध्येच चिडते, आणि त्या सगळ्या शिव्या आम्हा भाचरांना लहानपणापासून पाठ आहेत. मामीनं भारतीय नागरिकत्व कधी घेतलं नाही. पोलिश पासपोर्ट तिनं आजवर सांभाळून ठेवला आहे.

त्यांची थोरली मुलगी म्हणजे आमची ताई. जन्म १९८८ चा, इथलाच. ताईनं फराळाच्या ताटावर सहज सांगून टाकलं की ती आईमार्फत पोलिश नागरिकत्वासाठी अर्ज करते आहे.

झालं! थोरल्या मामांनी लाडू खाली ठेवला. (थोरले मामा लाडू खाली ठेवतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं.) "आईच्या जिवावर युरोपचा पासपोर्ट घ्यायचा! लोक या देशासाठी तुरुंगात गेले आणि तुम्ही रांगा लावताय बाहेर जायला." हे एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं आमचाच एक आतेभाऊ, माझ्यासारखाच आयटीतला, त्याचा वेगळाच ठणका: "आम्ही व्हिसाच्या लॉटऱ्या खेळतोय, डोळ्यांत तेल घालून इमेल तपासतोय, आणि हिला आई गोरी म्हणून फुकटात सत्तावीस देश!"

म्हणजे एकाच्या मते ताई गद्दार, दुसऱ्याच्या मते फुकटी. आणि मी काय केलं? चिवडा खाल्ला. घरी आल्यावर रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही, कारण काय बोलायला हवं होतं ते सगळं तेव्हा सुचत होतं. तेच आता लिहितोय. गेले काही शनिवार-रविवार ताईच्या फाइलीसाठी कागद गोळा करण्यात आणि पोलंडचे कायदे वाचण्यात घालवलेत, त्यामुळे निदान या विषयावर तरी हवेत बोलत नाहीये.

पहिला मुद्दा, ज्यावर सगळं भांडण उभं आहे आणि जो मुळात चुकीचा आहे. ताई पोलिश नागरिकत्व "घेत" नाहीये. घेण्यासारखं काही शिल्लकच नाही, ते तिच्याकडे १९८८ पासून आहे.

पोलिश कायद्यात परदेशी माणसाला नागरिक होण्याचे वेगवेगळे रस्ते आहेत. राष्ट्राध्यक्ष नागरिकत्व बहाल करू शकतात. तिथे कायदेशीरपणे काही वर्षं राहिलेल्या, भाषा येणाऱ्या माणसाला प्रांताचा प्रशासक नागरिक म्हणून मान्यता देऊ शकतो. हे खरे "घेण्याचे" रस्ते. ताईचा अर्ज यातला नाही. तिच्या अर्जाचं नाव आहे 'नागरिकत्व असल्याची पुष्टी'. त्यात विचारायचा प्रश्न एवढाच असतो की ही व्यक्ती पोलिश नागरिक आहे का? तिथला अधिकारी (त्याला वोयेवोदा म्हणतात, शब्द कसा ऐटबाज आहे बघा) काही देत नाही. तो जुने कागद बघतो आणि आहे किंवा नाही ते सांगतो. 'आहे' असं उत्तर आलं तर ते निर्णयाच्या तारखेपासून लागू होत नाही, ताईच्या जन्मापासून ती नागरिक होतीच, असा त्याचा अर्थ होतो.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ही डेटाबेसमध्ये नवी नोंद घालायची कमांड नाही, असलेली नोंद वाचायची क्वेरी आहे. आतेभावाला हे समजायला हरकत नव्हती, पण फराळाच्या वेळी कोणाचं डोकं चालतं?

आता हे ठरतं कसं? इथे गंमत सुरू होते. (गंमत म्हणजे ज्याला आम्ही ऑफिसात 'लेगसी कोड' म्हणतो आणि ज्याला हात लावायला कोणी तयार नसतं, ती गंमत.) तुम्ही पोलिश आहात की नाही हे आजच्या कायद्यानं ठरत नाही. तुमच्या जन्माच्या दिवशी जो कायदा होता, त्यानं ठरतं. तुमची आई पोलिश होती का हे तिच्या जन्माच्या दिवशीच्या कायद्यानं, आणि मधल्या काळात तिनं ते गमावलं का हे त्या त्या वेळच्या कायद्यानं. असं मागे मागे जात जात १९२० पर्यंत पोचायचं. १९२० च्या मागे सहसा जावं लागत नाही, कारण पोलंड हा देश अठराव्या शतकाच्या शेवटी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं वाटून घेतला होता, तो नकाशावर परत आला १९१८ साली, आणि त्याचा पहिला नागरिकत्व कायदा झाला २० जानेवारी १९२० ला. त्यानंतर १९५१, मग १९६२, आणि २००९ साली मंजूर होऊन १५ ऑगस्ट २०१२ ला लागू झालेला आजचा कायदा. (हो, १५ ऑगस्टच. थोरल्या मामांना हे सांगितलं असतं तर कदाचित बरं वाटलं असतं.) चार व्हर्जन्स, आणि चारही एकाच वेळी चालू. १९३० साली जन्मलेल्याला पहिलं, ताईला तिसरं, तिच्या पाच वर्षांच्या लेकाला चौथं.

ताईचं तिसरं, म्हणजे १९६२ चं. तो कायदा सांगतो की आईबापांपैकी एक पोलिश आणि दुसरा परदेशी असेल तर मूल जन्मतः पोलिश. आईबापांनी दोघांनी मिळून जन्मानंतर तीन महिन्यांत अधिकाऱ्यासमोर जाऊन "आमच्या मुलाला दुसऱ्या देशाचंच नागरिकत्व हवं" असं सांगितलं, तरच नाही. आमच्या मामा-मामींनी त्या तीन महिन्यांत बारसं केलं, घुटी पाजली, भाड्याचं घर बदललं. अधिकाऱ्याकडे कोणी गेलं नाही. संपला विषय. ताई पाळण्यात होती तेव्हापासून पोलिश आहे. तिला माहीत नव्हतं, मामीला नीट माहीत नव्हतं, थोरल्या मामांना तर अजूनही पटत नाहीये. पण आहे.

मग मी चिडलोय कशावर? ताईचं तर सरळ आहे! चिडलोय ते पहिल्या व्हर्जनवर. आणि ते कळायला कोल्हापूरला जावं लागेल.

कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सैन्यानं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना गाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानला नेऊन टाकलं होतं. त्यातले जे वाचले त्यांतले काही १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर इराणमध्ये आले आणि तिथून पुढे जगभर पांगले. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी पोरक्या मुलांना आसरा दिला, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना माहीत आहे. वळिवड्याची वसाहत त्याहून खूप मोठी. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. युद्ध संपलं तेव्हा यातल्या पुष्कळांची गावं सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती, म्हणजे परत जायला देश होता पण घर त्या देशात नव्हतं. बहुतेक जण इंग्लंड आणि इतर देशांत गेले. इथल्या माणसांशी लग्नं करून राहिलेल्या मुली अगदी थोड्या.

आता कल्पना करा, १९४७ साली वळिवड्याच्या एका पोलिश मुलीनं कोल्हापूरच्या एखाद्या मुलाशी लग्न केलं. आणि चाळीस वर्षांनी आमच्या मामीनं मामाशी लग्न केलं. दोघींनी केलं तेच, परक्या देशातल्या मराठी माणसाशी संसार. पण १९२० च्या कायद्यात बाईचं नागरिकत्व नवऱ्याच्या मागे जायचं. परदेशी नवऱ्यामुळे तिला त्याचं नागरिकत्व मिळालं की पोलिश गेलं. आणि तिचं गेलं नाही असं धरलं, तरी १९५१ पूर्वी झालेल्या मुलांना उपयोग नाही, कारण लग्नातून झालेल्या मुलाला नागरिकत्व मिळायचं ते बापाचं. आईचं मिळायचं फक्त लग्नाशिवाय झालेल्या मुलाला. पुन्हा वाचा हे वाक्य. कायद्याच्या डोळ्यांना आई कधी दिसायची? तर शेजारी नवरा उभा नसेल तेव्हाच.

हे बदललं १९ जानेवारी १९५१ ला. लग्नानं नागरिकत्व जाणं बंद झालं आणि मुलाला देण्याच्या बाबतीत आई बापाच्या बरोबरीला आली. चांगलं झालं. पण कायदा मागे जाऊन लागू होत नाही. त्यामुळे आज, या घडीला वॉर्सातला अधिकारी एखाद्या माणसाची फाइल उघडतो, त्याची आई पोलिश, जन्म १८ जानेवारी १९५१, बाप परदेशी, आणि लिहितो 'नाही'. त्याच्या धाकट्या बहिणीचा जन्म १९५३ चा आणि आईचं नागरिकत्व शाबूत, तर तिच्या फाइलीवर 'आहे'. आई एक, बाप एक, घर एक. त्यांच्या मुलांना, नातवंडांनाही तोच न्याय. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी रद्द झालेला नियम रोज सकाळी ऑफिस उघडलं की कामाला बसतो.

अजून एक नमुना देतो. त्याच १९२० च्या कायद्यानं परदेशी नागरिकत्व स्वीकारलं की पोलिश जायचं. पण लष्करी सेवेला बांधलेल्या पुरुषाला त्यातून आधी मोकळं व्हावं लागायचं. न होता अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तर पोलंडच्या लेखी तो पोलिशच राहायचा. नियम केला होता पळपुट्यांना बांधून ठेवायला. परिणाम काय झाला? शिकागोला जाऊन अमेरिकन झालेल्या बाप्याचं पोलिशपण पुष्कळदा शिल्लक राहिलं आणि त्याच्या पणतूला आज पासपोर्ट मिळू शकतो. त्याच बोटीनं गेलेल्या, त्याच वर्षी अमेरिकन झालेल्या बाईचं गेलं, कारण तिला लष्करात कोणी बोलावलं नव्हतं. म्हणजे शिक्षा म्हणून घातलेली बेडी पुरुषांच्या वारसांना दागिना झाली, आणि बाईच्या वारसांना काहीच नाही.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "त्या काळी सगळीकडे असंच होतं." होतंच. पण त्या काळी होतं म्हणून आजही चालवायचं, हे कुठलं लॉजिक? इतरांनी दुरुस्त केलंय. इटलीच्या घटना न्यायालयानं १९८३ साली सांगितलं की फक्त बापाकडून नागरिकत्व जाणं हे समानतेच्या विरुद्ध आहे. जर्मनीनं २०२१ साली कायदा बदलला आणि १९४९ नंतर जर्मन आईला झालेल्या, पण बाप परदेशी म्हणून वगळल्या गेलेल्या मुलांना आणि त्यांच्या वंशजांना दहा वर्षांची मुदत दिली, नुसती घोषणा करा आणि नागरिक व्हा. जग बुडालं नाही. पोलंडच्या आजच्या कायद्यातही जुन्या कायद्यांखाली नागरिकत्व गमावलेल्यांना ते परत देण्याचं कलम आहे. पण ते गमावलेल्या व्यक्तीसाठी, तिच्या मुलांसाठी नाही. १९४७ साली लग्न केलेल्या बाईनं आता, शंभरीला टेकताना, स्वतः अर्ज करायचा. वा! काय उदार!

आता थोरले मामा मनात म्हणतील, बघा, आपला देश बरा. थांबा मामा, आरसा आणलाय. आपला नागरिकत्व कायदा १९५५ चा. भारताबाहेर जन्मलेल्या मुलाला वंशानं भारतीय नागरिकत्व मिळायचं ते फक्त बाप भारतीय असेल तर. आई भारतीय असून चालायचं नाही. हे बदललं १० डिसेंबर १९९२ ला, आणि तेही त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांसाठी. म्हणजे पोलंडला जे १९५१ मध्ये सुचलं ते आपल्याला १९९२ मध्ये. मामीच्या जागी आमची मावशी परदेशी नवरा करून तिकडे राहिली असती, आणि तिला १९८८ मध्ये मुलगी झाली असती, तर त्या मुलीला वंशानं भारतीय म्हणायला आपण तयार नव्हतो. तुरुंगात गेलेल्यांत बायकाही होत्या, हे तेव्हा कोणाला आठवलं नाही.

आणि कायदे लांब राहिले, आमच्या घरात काय झालं ते सांगतो. ताईची फाइल अडली कुठे माहितीये? वॉर्सात नाही. तिच्या जन्माच्या दाखल्यावर.

मामा-मामीचं लग्न आधी पोलंडमध्ये नोंदणी कार्यालयात झालं, मग इथे आल्यावर वैदिक पद्धतीनं पुन्हा झालं. आणि इथल्या लग्नात आपल्याकडे होतं तेच झालं. ताटात तांदूळ पसरले, मामानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. मामीचं नाव बदललं! तिला वाटलं हा एक गोड विधी आहे, घरात हाक मारायचं नाव. पण पुढे रेशनकार्डापासून दवाखान्यापर्यंत तेच नाव चढत गेलं, आणि १९८८ मध्ये बाळंतपणानंतर नाव नोंदवायला आजोबा गेले, त्यांनी आईच्या नावाच्या रकान्यात तेच सांगितलं. छान मराठी नाव, पुढे नवऱ्याचं नाव, पुढे आमचं आडनाव.

त्या नावाची बाई पोलंडच्या कुठल्याही दप्तरात नाही. मामीच्या पासपोर्टवर नाही, तिच्या जन्मनोंदीत नाही, लग्नाच्या पोलिश नोंदीत नाही. म्हणजे कागदोपत्री ताईची आई कोणी दुसरीच आहे, आणि मामीला मुलगीच नाही. अधिकाऱ्यानं विचारलं तर त्याचं काय चुकलं? तो म्हणणार, तुमची आई पोलिश असेल हो, पण ही तुमची आई कशावरून?

दाखला दुरुस्त करता येतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा आहे, त्यात चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद आहे. मी आणि ताई त्या खिडकीवर पाच वेळा गेलो. तिथल्या बाईंनी पाचव्यांदा सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण चूक कुठेय? लग्नानंतरचं नाव तर बरोबरच लिहिलंय की." आणि हाच तो क्षण, जिथे माझी सटकली. त्या बाईंवर नाही, त्या चांगल्या होत्या. सटकली ती या गोष्टीवर, की त्यांना खरंच चूक दिसत नव्हती. मलाही दिवाळीपर्यंत कुठे दिसत होती? मामीला मी आयुष्यभर मराठी नावाची मामी म्हणूनच ओळखतो. तिचं मूळ नाव मला पासपोर्ट हातात घेतल्यावर पहिल्यांदा नीट वाचता आलं.

म्हणजे १९२० च्या वॉर्सातला कायदेपंडित आणि १९८७ चं आमचं घर यांची ओळखदेख नसताना एका गोष्टीवर एकमत होतं. बाई लग्न करून येते तेव्हा ती कोरी येते. तिचं नाव, तिचा देश हे सगळं दारात चपलांसारखं काढून ठेवायचं असतं. त्यांनी कायद्यात लिहिलं, आपण तांदळात लिहिलं. बस्स, एवढाच फरक.

(महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव, असा क्रम लावायचा निर्णय घेतला तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर किती पांचट विनोद फिरले होते. फॉर्म केवढा लांब होणार वगैरे. मीही हसलो होतो. आता नाही हसणार.)

आता उरलेल्या दोन आरोपांचा हिशोब.

फुकटी. आतेभावा, तुझं दुःख मला कळतं. व्रोत्सवाफला आपल्या ओळखीचे लोक आहेत. ते तिथे राबतात, कर भरतात, सात विभक्त्या घोकतात (आपल्याकडे आठ, तरी त्यांच्या सात जड जातात), मान्यतेच्या रस्त्यानं जायचं तर भाषेची बी-वन पातळीची परीक्षा देतात. त्यांच्या तिथे जन्मलेल्या मुलाला नुसत्या जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. आणि ब्राझीलमधल्या कुणाला एक अक्षर येत नसताना पणजोबामुळे मिळतं. हे विषम आहे, मान्य. पण याचा इलाज राबणाऱ्यांसाठी दार रुंद करणं हा आहे. ताईचं दार बंद केल्यानं तुझ्या व्हिसाचा नंबर पुढे सरकणार नाही. आणि "आईमुळे फुकट" म्हणताना एक विचार कर. तुझं भारतीय नागरिकत्व तू कुठल्या परीक्षेत मिळवलंस? आपण सगळेच आईबापांच्या जिवावर नागरिक आहोत.

गद्दार. हा आरोप जास्त लागतो, कारण यात आपला कायदाही सामील आहे. पोलंड म्हणतो, दुसरं नागरिकत्व असलं तरी चालेल, आमच्यापुरती तू पोलिश. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोलिश पासपोर्ट हातात घेतला की भारतीय पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय कार्ड घेऊन परदेशी नागरिक म्हणून स्वतःच्या घरी राहायचं. मतदान गेलं, शेतजमीन विकत घेणं गेलं. पोर्तुगीज पासपोर्टच्या पायी गोव्यातल्या हजारो घरांनी हा हिशोब मांडलाय. ताईला हे माहीत आहे. म्हणून तिचं अजून ठरलेलं नाही. पुष्टीचा निर्णय आला तरी पासपोर्ट घ्यायचा की नाही यावर तिची झोप उडालीये.

आणि तिला ते हवंय कशाला, हे फराळाला बसलेल्या चौदा जणांपैकी एकानंही विचारलं नाही. मीही नाही. नंतर तिनंच खिडकीसमोरच्या रांगेत सांगितलं. मामीची आई, ताईची बाब्चा (तिकडे आजीला बाब्चा म्हणतात), अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. एकटी राहते. मामीला जाऊन राहायचंय तिच्याजवळ, शेवटपर्यंत. पण मामीच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, तिला एकटीला एका म्हातारीचं करणं झेपणार नाही. ताईला सोबत जायचंय. अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस. "नव्वद दिवसांत मरायचं असं बाब्चाला कसं सांगू?" असं ताई म्हणाली आणि टोकन नंबर बघायला उठून गेली.

म्हणून मला जे म्हणायचंय ते असं. पोलंडनं १९५१ ची ती रेघ पुसावी. ज्या आईनं मूल जन्माला घातलं ती पोलिश होती एवढं सिद्ध झालं, की जन्मवर्ष आणि बापाचा देश विचारू नये. लग्नामुळे जिचं गेलं तिच्या मुलांनाही तिच्यामागून यायची वाट द्यावी. जर्मनीसारखी मुदत घाला हवी तर. आपण १९९२ ची रेघ पुसावी. आणि आपल्या घरांत निदान एवढं करावं, की अंगठीनं तांदळात काहीही लिहा, पण दवाखान्यात नोंद करताना बाळंतिणीला विचारा, तुझं नाव काय लिहू. ती आत जागी असते. आजोबांनी बाहेरच्या बाहेर सांगायची काही गरज नसते.

थोरल्या मामांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. थोडे दिवस गप्प होते. मग गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. दुरुस्तीच्या अर्जाला घरातल्या जुन्या माणसांची प्रतिज्ञापत्रं लागणार आहेत, की ही बाई आणि ती बाई एकच. त्यांनी विचारलं, "मी सही केली तर चालेल का? मी होतो त्या लग्नात. ताट मीच धरलं होतं."

मी म्हटलं, चालेल. मग म्हणाले, "स्पेलिंग पाठव तिच्या नावाचं. पोलिश नावाचं. मला कधी नीट म्हणता आलं नाही."

पाठवलंय. प्रतिज्ञापत्र उद्या करायचंय.